क्रेनवरचे जगदेवराव

जगदेवराव शिर्के मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ओव्हरहेड क्रेन चालवायचे. छताखाली लटकलेली काचेची केबिन, आत एक खुर्ची, उतरायला उभी लोखंडी शिडी. वर्षानुवर्षं ती जागा त्यांना प्रिय होती. सन एकोणीसशे पंच्याण्णवच्या सुमारास मात्र ते तिला भ्यायला लागले.

लघवीची धार बारीक झाली होती. मध्येच थांबायची, पुन्हा थेंबथेंब. उतरून जाऊन यावं, तर वर पोचेपर्यंत पुन्हा लागल्यासारखं व्हायचं. मुकादम रमणभाई खालून गुजरातीत ओरडायचे, "जगदेवभाई, पाछा?" पुन्हा निघालात का, म्हणून सगळे हसायचे.

मग त्यांनी पाणी पिणंच सोडलं. उन्हाळ्यात पत्र्याखाली ओठ सुकायचे, तरी बाटलीला हात लावत नसत. कारखान्यात तेव्हा व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, कुजबुज चालली होती. 'अनफिट' ठरलं की पहिलं नाव आपलं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि घरी सांगायचं तरी कसं?

"रात्री इतक्यांदा उठता, साखर तरी तपासून या," त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणायच्या.

"काही झालेलं नाही मला," ते तोडून टाकायचे.

पुढच्या जानेवारीत सर्दी झाली. केमिस्टकडून गोळ्या आणून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून एक थेंब उतरला नाही. तसेच कामावर गेले.

दुपारी हुकाला ट्रान्सफॉर्मरची टाकी लटकत होती. खाली दोघे दोर धरून तिला वळवत होते. जगदेवरावांचं ओटीपोट दगडासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली. टाकी हवेत सोडून उठता येईना, ओरडावं तर ऐकणार कोण? घामेजल्या हातांनी त्यांनी ती इंचाइंचानं जमिनीला टेकवली. मग शिडीला मिठी मारत एकेक पायरी उतरले.

"शुं थयुं?" रमणभाई धावले.

"सकाळपासून लघवी नाही झाली. मरतोय मी."

या वेळी कोणी हसलं नाही. कंपनीच्या जीपनं त्यांना दवाखान्यात नेलं. नळी घातल्यावर ते लहान मुलासारखे रडले.

"प्रोस्टेटची गाठ वाढलीय," डॉक्टर म्हणाले. "या वयात पुष्कळांना होतं. सर्दीच्या गोळीनं वाट आणखी आवळली. इतके दिवस कुठे होता?"

"कॅन्सर?"

"तसं वाटत नाही. ऑपरेशनमध्ये निघेल ते तपासायला पाठवू."

ऑपरेशन होईपर्यंत नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला त्यांची सगळी पाणीगेटची वस्ती गच्चीवर होती. जगदेवराव दार लावून, पायांवर चादर घेऊन बसले होते. मंदाकिनीबाई जवळ येऊन बसल्या.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"आणि मी ताक बंद केलं, दुधी बंद केला. म्हटलं, माझ्याच हातचं बाधतंय." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. जगदेवरावांना मान वर करवेना.

ऑपरेशन लघवीच्या वाटेनंच झालं, पोटावर टाका नाही. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. पुढे लघवी सुरळीत झाली. पण कंपनीच्या डॉक्टरांनी शेरा मारला: वर अंधारी आली होती, आता उंचावरचं काम नको. नोकरी वाचली, क्रेन गेली. त्यांना स्टोअरमध्ये लोखंडी जाळीमागे बसवलं. बोल्ट मोजून द्यायचे, सह्या घ्यायच्या. तिथून शेडचं छत दिसत नसे.

"जमतंय का?" पहिल्या आठवड्यानंतर मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"खुर्ची बरी आहे," जगदेवराव म्हणाले. "दिवस जात नाही."

निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते.