लिनसाहेबांनी मोकळी सोडलेली जागा

रविवार, २० एप्रिल १९८६, सकाळी साडेनऊ. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आपल्या मराठी उपासना मंडळात चिनी चित्रकार श्री. लिन यांनी काढलेले प्रभूच्या बाप्तिस्म्याचे चित्र नव्या फ्रेममध्ये टांगलेले मी पाहिले. वरचा हातभर कागद कापलेला होता.

“मावशी, वर नुसता कोरा कागद होता,” आपले सचिव सॅम्युएलभाऊ म्हणाले. “फ्रेम स्टँडर्ड साइजची मिळाली. जीझसला आम्ही हातही लावला नाही.”

लिनसाहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या मंडळाच्या अंकासाठी गोड लिहा, असे मला सांगण्यात आले आहे. लिहिते.

मी ह्यूस्टनला नर्स होते, ते माझे पेशंट. माझ्या गळ्यातला क्रूस पाहून त्यांनी कागदी रुमालावर पेनाने येशू काढला. अंगात चिनी झगा, मागे बांबूचे बन. कॉन्व्हेंटमध्ये निळ्या डोळ्यांच्या येशूसमोर वाढलेली मी म्हणाले, “हा तर तुमच्या गावचा दिसतो.”

“तुमच्या गावीही येतो की,” ते म्हणाले.

ते शाईची वडी चंदनासारखी पाण्यात उगाळतात, आणि तेवढा वेळ ओठांवर स्तोत्र असते. आपल्या मंडळासाठी त्यांनी नदीत कमरेइतका उभा प्रभू काढला, मागे धुक्यातले डोंगर. वर काहीच का नाही, असे मी विचारले होते.

“आकाशातून पित्याची वाणी आली. वाणी कशी रंगवू? आम्ही चित्रकार न दिसणाऱ्याला कागद मोकळा सोडतो.”

म्हणजे सॅम्युएलभाऊ, तुम्ही जीझसला ठेवलेत आणि त्याच्या वडिलांना कापलेत.

माझे यजमान गेले तेव्हा लिनसाहेब रोज येत. पपनस सोलून, एकेका फोडीचा पापुद्रा काढून बशी माझ्यापुढे ठेवत आणि निघून जात. अशा माणसाला कापाकापीची बातमी मलाच द्यावी लागली. त्यांनी एवढेच विचारले, “तुकडा ठेवलाय ना? मागून पातळ कागद लावून जोडता येईल.” तक्रार नाही. पण तेव्हापासून त्यांनी शाई उगाळलेली नाही.

तुकडा मंडळाच्या कपाटात आहे, मी पाहिला आहे. कपाटाची किल्ली समितीकडे आहे.

लिनसाहेबांना देव उदंड आयुष्य, स्थिर हात आणि चांगली नजर देवो. शाल-श्रीफळ सत्काराच्या दिवशी द्या. त्याआधी तो तुकडा त्यांच्या घरी नेऊन द्या, सोबत समितीच्या सह्यांचे माफीपत्र. हे करणार की नाही, याचे लेखी उत्तर मला सत्काराच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत हवे. फोन करू नये.