वाटीभर वरण
बायको गेल्यापासून न उघडलेल्या डब्यात आज पास्त्याचं अर्धं पाकीट सापडलं, अन् लसणाचा तो वास आठवला. चार वर्षांमागं सेलूच्या घरी संध्याकाळी तिनं मोबाइलात पाहून टमाट्यातला पास्ता केलता. मी ताट पाहून म्हटलं, "वरणातल्या चिकोल्या अशा कोरड्याच काऊन? वरण विसरली काय?" अन् चाखायच्या आधीच वाटीभर वरण ओतलं. "ओता, वरणाशिवाय घास उतरते कुठं तुमाले," म्हणून ती गॅसकडं तोंड करून उभी राहिली. खांदे हालत होते. हसून राह्यली का रडून राह्यली, मले समजलं नाई. मी जेवत राह्यलो. तिनं तो पुन्हा केला नाई. आज उरलेला मी शिजवला, वरण ओतलं नाई. पण तिचा कसा झालता, हे आता कशावरून ठरवू?