दोघांच्या मधे

परळची चाळ सोडून आम्ही वाशीला राहायला आलो, तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बाबा सरकारी कचेरीत क्लार्क होते आणि दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट म्हणजे त्यांच्या लेखी जन्माची कमाई होती. सेक्टरमधले रस्ते चांगले रुंद होते, पण रस्त्यावर माणसंच नसायची. दुतर्फा लावलेली झाडं माझ्या कमरेएवढी. गॅलरीत उभं राहिलं की बसमधून उतरलेलं माणूस थेट जिन्यापर्यंत येताना दिसायचं. चाळीत माणसांची इतकी दाटी, की त्यात कुणाचं काही खपूनही जायचं. इथे लपायला आडोसाच नव्हता.

कॉलेज नवं होतं. इमारतीचा एक भाग अजून बांधायचा होता, लेक्चर चालू असताना बाहेर सिमेंटच्या घमेल्यांचा आवाज यायचा. वर्गात मुली खिडकीच्या बाजूला आणि मुलगे दाराच्या बाजूला बसत. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी सगळे तसे बसले आणि तीन वर्षं तसेच बसत राहिले. आपल्याच वयाच्या मुलाला आम्ही अहो-जाहो करायचो. ‘अकाउंट्सच्या नोट्स झाल्या का तुमच्या?’ असं विचारायचं, तेही शक्यतो जिन्यात, येता-जाता, थांबल्यासारखं न दिसता. कँटीनमध्ये एक मुलगी आणि एक मुलगा समोरासमोर बसून चहा प्यायले, तर दुसऱ्या दिवशी त्यांचं ठरलंय असं कॉलेजभर झालेलं असायचं. दोन मुली आणि एक मुलगा असला तर चालायचं. एखादा मुलगा फारच मागे लागला, तर मुलगी त्याला राखी बांधून मोकळी व्हायची. काही मुलगे राखीच्या दिवशी कॉलेजला फिरकतच नसत.

माझी मैत्रीण आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायची. तिचे वडील बँकेत होते. बोलायचे कमी, पण दिवेलागणीच्या आत ती घरात नसली तर त्या घरात कुणी जेवायचं नाही. तिच्या आईचा माझ्यावर भरवसा होता. मी चष्मा लावणारी, दोन वेण्या घालणारी, खाली मान घालून चालणारी. “तू बरोबर असशील तर मला काळजी नाही,” काकू म्हणायच्या. त्या वाक्यावर माझी पुढची दोन वर्षं गेली.

सुरुवात पनवेलकडच्या एका गावातल्या श्रमदान शिबिरात झाली. तळ्यातला गाळ काढायचा होता. परतताना चिखलात तिच्या चपलेचा अंगठा तुटला. आमच्या पुढच्या वर्षातला एक मुलगा मागून येत होता. घणसोली गावातला, उंच, सावळा, कुणाशी फारसं न बोलणारा. तो थांबला, पायातल्या चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. “ह्या त्यांना द्या,” म्हणाला. ती माझ्या शेजारीच उभी होती, हात लांब केला असता तर पोचला असता. पण जिला द्यायच्या तिच्याच हातात मुलाने चपला कशा ठेवायच्या? मी त्या घेऊन तिच्या पायाशी ठेवल्या. तो अनवाणीच पुढे गेला. तिने चपला धुऊन परत केल्या, त्याही माझ्याच हातून.

मग आम्ही तिघं फिरायला लागलो. शनिवारी लेक्चरं लवकर संपायची. कॉलेजवरून खाडीच्या बांधापर्यंत जायचं, मिठागरं दिसायला लागली की परत फिरायचं. मी मधे, ती एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला. मधे चालायची कल्पना तिचीच. लांबून कुणी पाहिलं तरी दोघांना शेजारी शेजारी पाहिलं असं म्हणता येणार नाही, असा तिचा हिशेब होता. त्यांचं बोलणं माझ्या नाकासमोरून जायचं. ती काहीतरी विचारायची, तो उत्तर द्यायचा, आणि मी समोर बघत चालायची. कधी दोघंही गप्प झाली की मीच एखादा विषय काढायची, कारण ती शांतता मला सोसायची नाही.

तो सांगायचा छान. कॉलेज आहे तिथे त्याच्या मामाची शेती होती. मामा अजूनही पावसाळा आला की अस्वस्थ होतो, कारण करायला काही नाही, असं तो एकदा सांगत होता. बोलता बोलता त्याच्या तोंडून “हितंच व्हती जमीन” असं निघून गेलं. ती हसली. दुष्टपणाने नाही, सहजच. पण त्यानंतर तो तिच्यासमोर नेहमी ‘इथे’ आणि ‘होती’ म्हणायचा, आणि त्याचं बोलणं थोडं हळू झालं, प्रत्येक शब्द तपासून घेतल्यासारखं.

राखीही मी बांधली. तेही तिनेच सुचवलं. मी त्याची बहीण झाले की तिघांच्या फिरण्याला नाव ठेवायला जागा नाही. कॉलेजच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर मी त्याला राखी बांधली आणि तेव्हापासून तो मला ताई म्हणायला लागला. मनापासून म्हणायचा. एवढी एकच गोष्ट त्या सगळ्यात माझ्या वाट्याला आली.

मी थकत गेले. ताप असला तरी जायचं, दुसऱ्या दिवशी पेपर असला तरी जायचं. त्यांचं भांडण झालं की दोघंही आपापली बाजू मलाच सांगायची आणि समेट झाला की मला काही सांगायला विसरायची. पुढच्या वेळी मी जपून बोलत असायची आणि ती दोघं हसत असायची.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. मराठवाड्यातून आलेलं बौद्ध कुटुंब, कोपरखैरण्याला भाड्याची खोली, वडील पावण्याच्या एका कारखान्यात. दाराजवळच्या बाकावर बसायचा. लायब्ररीत आम्ही एकाच वेळी जातो हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. एकदा पुस्तकं परत करताना तो म्हणाला, “शनिवारी चहा घ्याल का कँटीनमध्ये? मैत्रिणीला घेऊन या, म्हणजे तुम्हाला अवघड व्हायला नको.” त्यालाही नियम माहीत होते. त्याने माझी अडचण आधीच सोडवून ठेवली होती. मी हो म्हटलं.

मग मी तिला विचारलं. ती आरशासमोर वेणी घालत होती. “अगं, याच शनिवारी? आमचं ठरलंय,” ती म्हणाली. “पुढच्या शनिवारी नक्की.” पुढच्या शनिवारी घणसोलीच्या मुलाच्या मामाकडे काहीतरी होतं आणि तो बांधावर लवकर येणार होता, म्हणून आम्हालाही लवकर जावं लागलं. मला दुसरी मैत्रीण नव्हती. होत्या त्या दोघी-तिघी तोवर माझ्यापासून दुरावल्या होत्या, कारण मी सदैव हिच्याबरोबर. एकटीने कँटीनमध्ये जाऊन बसायचं माझ्या मनातही आलं नाही, इतकं ते अशक्य होतं. मी वर्गातल्या त्या मुलाला सांगितलं की घरी पाहुणे आहेत. तो म्हणाला, “हरकत नाही.” त्याने परत विचारलं नाही. लायब्ररीत दिसला की मान हलवायचा. बी.कॉम. झाल्यावर त्याला तिकडेच, मराठवाड्यात नोकरी लागल्याचं कानावर आलं.

शेवटच्या वर्षी त्याचं कॉलेज संपलं होतं, तरी शनिवारचं फिरणं चालूच होतं. दिवाळीनंतर दुधाच्या केंद्रावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाबांना गाठलं. तुमची मुलगी गावातल्या एका मुलाबरोबर खाडीवर दिसते, बिल्डिंगमध्ये बोललं जातंय, म्हणाले. गॅलरीतून पाहणाऱ्यांनी त्यांना दिसलं तेच पाहिलं होतं. त्याच्या शेजारी मी चालत होते. म्हणजे तो माझा.

त्या संध्याकाळी वरच्या काकू आमच्या दारात आल्या. आईने राखीचं सांगून पाहिलं. “राख्या काय, सगळ्याच बांधतात,” काकू म्हणाल्या. आपल्या मुलीचं लग्नाचं वय, यापुढे तिने माझ्याबरोबर जाणं-येणं ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मैत्रीण त्यांच्या मागे उभी होती आणि आमच्या पायपुसण्याकडे बघत होती. मी थांबले. तिने एक वाक्य बोलावं म्हणून थांबले. ती बोलली नाही. मीही बोलले नाही. मी बोलले असते तर तिचं कॉलेज त्याच दिवशी बंद झालं असतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

त्या गेल्यावर बाबांनी विचारलं, “तो तुझ्यासाठी येतो का?”

“नाही.”

“मग कुणासाठी?”

मी दाराशी जाऊन पायपुसणं सरळ केलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि विषय तिथेच सोडला. आईने मात्र सोडला नाही. कॉलेज ते घर, घर ते कॉलेज, एवढंच उरलं, आणि ओळखीच्यांना माझ्यासाठी स्थळ सांगून ठेवलं गेलं.

थोड्याच दिवसांनी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खालच्या रस्त्याने तिघं चालली होती. ती, तो आणि मधे तिची ठाण्याहून शिकायला आलेली मामेबहीण. मला राग यायला हवा होता. मला फक्त पाय दुखल्यासारखे वाटले.

परीक्षा झाल्यावर तिला दाखवायचा कार्यक्रम झाला. मुलगा पुण्याचा, इंजिनियर. जिन्यात ती मला भेटली, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच नीट बोलली. “बाबांना नाही म्हणता येत नाही गं,” म्हणाली. मग म्हणाली, “त्याला तू सांगशील ना? तुझं तो ऐकेल.” तिचे डोळे खरंच सुजले होते. मी हो म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे. सवयच झाली होती.

तो तेव्हा पावण्याला एका छोट्या कारखान्यात लागला होता. दुपारच्या पाळीला जाताना बसस्टॉपवर भेटेल, एवढं मला माहीत होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तेव्हा सावलीही नव्हती. तो आला आणि त्याने आधी माझ्या मागे पाहिलं, आणखी कुणी आहे का म्हणून. मी एकदाच सगळं सांगून टाकलं. मुलगा कोण, कुठला, साखरपुडा कधी.

“त्या काय म्हणाल्या?” त्याने विचारलं.

“हो म्हणाली.”

गेलेल्या ट्रकची धूळ त्याने बाहीने तोंडावरून पुसली. मग म्हणाला, “त्यांच्या मनात व्हतं का तसं?”

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं. दोन वर्षं तिचं बोलणं माझ्या कानावरून गेलं होतं आणि तिच्या मनात काय होतं ते मला सांगता येत नव्हतं. त्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्याची पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती, तरी माझी बस येईपर्यंत तो थांबला, जरा अंतर ठेवून. “ताई, तुमाला उगाच त्रास झाला,” म्हणाला. बस आली, मी चढले. वळून पाहिलं नाही, कारण बसमध्ये ओळखीचं कुणी असेल तर, हा विचार तेव्हाही डोक्यात होता.

ती पुण्याला गेली. त्याचं लग्न पुढे त्याच्याच नात्यातल्या मुलीशी झालं. एकदा तुर्भ्याला बाजारात ती नवराबायको मला भेटली. त्याने बायकोला “ही माझी ताई” म्हणून सांगितलं आणि ती चटकन वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्याहून फार मोठी नव्हते.

माझं लग्न व्हायला आणखी दोन-तीन वर्षं लागली. बिल्डिंगमधलं बोलणं एक-दोन स्थळांच्या कानावर गेलं, ती आलीच नाहीत. जी आली त्यांच्यासमोर मी पोह्यांचा ट्रे घेऊन जायची, शिवण येतं का, गाणं येतं का, याची उत्तरं द्यायची. शेवटी एकाला हो म्हटलं. माणूस बरा दिसला. त्याहीपेक्षा आणखी एक रविवार असा घालवायची ताकद माझ्यात नव्हती. माणूस खरंच बरा निघाला, तेवढं नशीब.

लग्नाआधी एका सुट्टीच्या दुपारी बाबा पत्रिकांच्या पाकिटांवर पत्ते लिहीत होते. मी वाचून दाखवत होते, ते लिहीत होते. मधेच पेन न थांबवता ते म्हणाले, “मला माहीत होतं. तो वरच्यांच्या मुलीसाठी यायचा.”

मी पत्त्यांची यादी खाली ठेवली. कसं माहीत, विचारलं. एकदा ते बसमधून उतरले तेव्हा आम्ही तिघं समोरूनच येत होतो, म्हणाले. त्यांना बघून मी घाबरेन म्हणून ते दुकानात शिरले होते. “तो बोलताना तुझ्या डोक्यावरून बघत होता.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुझी इच्छा नाही.” त्यांनी पाकीट हातात धरून शाई वाळू दिली. “त्या घरात तिचं काय झालं असतं, तेही होतं. आणि आपल्याला त्याच बिल्डिंगमध्ये राहायचं होतं.”

त्यांनी ते पाकीट बाजूला ठेवलं. “तुला जड गेलं ना?”

“गेलं,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. समोर पाकिटांची चळत बरीच उरली होती. त्यांनी पुढचं पाकीट घेतलं, आणि मी चिपळूणच्या मावशीचा पत्ता वाचायला सुरुवात केली.