दोन बोटांसाठी गिटार

पार्सल ऑफिसात आलेला माल कुणी ना कुणी सोडवून नेतो. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते तिथंच साठत जातात. लोणावळा स्टेशनात मी बरीच वर्षं पार्सलबाबू होतो, तेव्हा माझ्याकडे असा साठा बराच आहे. त्यातला हा गिटारीचा. मला गिटार येत नाही. मी आपला भजनाला पेटीची साथ करण्यापुरता. पण एका गिटारीपायी आम्ही चौघांनी दोन महिने किती ठिकाणी पायपीट केली, ते सांगतो.

घाटात विजेची इंजिनं नवीन होती तेव्हाची गोष्ट. आमच्या चाळीत फ्रान्सिस नावाचे गार्ड राहायचे. मूळचे गोव्याचे, एकटे, बोलणं कमी. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गाडीच्या शेवटी असलेल्या गार्डच्या डब्याच्या, दारात सापडली. हाडं जुळली, पण बोटं वाकेनात. तीन महिन्यांनी मुंबईला डॉक्टरी तपासणी ठरली. ब्रेकचं चाक घट्ट धरता आलं तर नोकरी, नाहीतर घरी. आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने विचारलं, हाताला काही छंद आहे का? फ्रान्सिस म्हणाले, गिटार. तर कंपाउंडर म्हणाला, मग रोज वाजवा, तेच औषध.

गिटार होती. पण लोणावळ्याचे दहा-बारा पावसाळे खाऊन तिची मान वाकली होती आणि तारा इतक्या वर आल्या होत्या की धडधाकट बोटांनाही दाबेनात. ती आम्ही दगडू मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री आंबी गावचे, रेल्वेच्या डब्यांचं सुतारकाम करायचे. गिटार त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. शेवटपर्यंत ते तिला सतारच म्हणत. त्यांनी ती फळी पारखतात तशी एका डोळ्यासमोर धरली आणि खाली ठेवली.

"बाबू, ह्या तारंखालनं मांजर जाईल. दुसरी बगा."

मुंबईच्या दुकानात नवी मिळत होती, पण त्या किमतीत आमच्याकडे म्हैस आली असती. चौघांचे मिळून अठरा रुपये जमले. चौथा आमचा उस्मानभाई, स्टेशनासमोर त्याचं केस कापायचं दुकान. त्याला संगीतातलं काही कळत नव्हतं, पण घासाघीस त्याच्याइतकी कुणाला जमत नसे.

* * *

पहिली गिटार तुंगार्लीच्या एका बंगल्यात कळली. मालक मुंबईचे, सामान विकायला काढलेलं. माळ्याने पेटी उघडली आणि मी तर बघतच राहिलो. शिंपल्यांची नक्षी, आरशासारखं पॉलिश, आणि मागत होते फक्त बारा रुपये. मी खिशात हात घातला सुद्धा.

मिस्त्री मात्र हात लावायला तयार नव्हते. त्यांनी उस्मानभाईच्या पेटीतला दाढीचा छोटा आरसा मागून घेतला, गिटारीच्या भोकातून आत धरला आणि खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहिलं. मग गिटार हळूच हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"नवरी लय नटलीय," ते म्हणाले, "पन आतलं वासं सुटल्यात. दोन म्हैन्यांत पोट फुगंल हिचं."

माळी हसायला लागला. म्हणाला, आधीच्या गिऱ्हाइकाने खुळखुळ ऐकून आत पैसे आहेत म्हणून दोन रुपये जास्त देऊ केले होते!

* * *

मग पुण्याला, लष्कर भागात जुन्या सामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदार स्वतः वाजवणारा. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि असं काही वाजवलं की रस्त्यावरची माणसं थांबली. फ्रान्सिसची मानसुद्धा डुलायला लागली. सोळा रुपये सांगितले, आणि सौदा झाल्यातच जमा होता.

तेवढ्यात उस्मानभाई अदबीने म्हणाला, "शेठ, तुमी दुकानात ऱ्हाणार. बाजा आमच्यासंगं येणार. जरा आमच्यातल्या कुणाच्या तरी हातात द्या की."

ती माझ्या हातात दिली. मला काय येतंय? मी मानेवरच्या पट्ट्यांमधलं एकेक घर दाबून एकेक तार छेडत गेलो. पहिली तीन घरं ठीक. चौथ्यापासून पुढे डबीत माशी कोंडावी तसा आवाज. दुकानदार सगळं गाणं पहिल्या तीन घरांत वाजवत होता!

बाहेर आल्यावर फ्रान्सिस म्हणाले, मला हे कळायला हवं होतं. मिस्त्रींनी त्यांना समजावलं की चांगला वाजवणारा वाईट बाजाही झाकून नेतो, त्यात तुमचा दोष नाही.

* * *

तिसऱ्या वेळी गिटार माझ्याच गोदामात सापडली, असं मला वाटलं. बेवारस मालाच्या लिलावात एक लांबट लाकडी पेटी होती. पाठवणाऱ्याने वर मराठीत लिहिलं होतं: 'वाद्य'. इंग्रजी चिठ्ठी पावसात गेलेली. मला हर्ष झाला. पण लिलावाआधी उघडून बघायची सोय नव्हती. आमचे स्टेशनमास्तर नियमाचे इतके पक्के, की मेहुण्याला गाडीत बसवायला आले तर स्वतःचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचे. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, बोली लावूच. मिस्त्रींनी पेटी एका टोकाने उचलून पाहिली, मग फटीला नाक लावलं.

"सतारीला कवा लसणाचा वास येतो व्हय, बाबू?"

मी बोली लावली नाही. पेटी बाजारातल्या एका खानावळवाल्याने घेतली आणि तिथंच फोडली. आत लोणच्याच्या चार बरण्या आणि लसणाची चटणी! मग मी पाटी नीट पाहिली. अक्षरं 'खाद्य' होती. 'ख'ची 'र'सारखी डावी बाजू पुसली गेली होती, उरला तो 'व'. खानावळवाल्याला पेटी कशाची याच्याशी काही घेणं नव्हतं. लोणचं असं मुरलं होतं, की त्याची गिऱ्हाइकं वाढली. आमचे अठरा रुपये वाचले ते वेगळंच.

* * *

एवढ्यात दोन महिने गेले होते. बोटं होती तशीच, लाकडासारखी. एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना फ्रान्सिस आपणहून बोलले. "बाबू, गोव्यात माझे चार माड आहेत. ते मोजायला दोन बोटं कमी असली तरी चालतील."

हा विनोद होता. पण हसायला कुणाला सुचलं नाही.

चार दिवसांनी उस्मानभाईने बातमी आणली. खंडाळ्याला एक म्हाताऱ्या नर्सबाई राहायच्या, त्यांच्या कपाटात एक गिटार पडून होती. गेलो. साधी, नक्षी नाही, काही नाही, आणि पोटावर वीतभर ओरखडा. मिस्त्रींनी मान डोळ्यासमोर धरली, आरसा आत घातला, बोटाच्या पेरानं जागोजाग वाजवून पाहिलं. तारा लाकडापासून जेमतेम नखभर वर होत्या.

मग फ्रान्सिसनी ती घेतली. दुखरं बोट दुसऱ्या हातानं उचलून तारेवर ठेवलं आणि दाबलं. आवाज बारीक आला, पण स्वच्छ आला. ते खिडकीकडे तोंड करून बसले. आम्हीही दुसरीकडे पाहिलं.

बाईंनी वीस सांगितले. उस्मानभाईने ओरखडा धरला आणि असं काही वर्णन केलं, की जणू गिटार दोन तुकड्यांत होती. बाईंनी सगळं ऐकून मिस्त्रींना विचारलं, तुम्ही सुतार ना, ओरखड्यानं खरंच बिघडतं का?

मिस्त्रींना खोटं बोलता येत नसे. "न्हाई बाई. आवाजाला काय बी व्हत न्हाई. लय चांगली सतार हाय."

उस्मानभाईने कपाळाला हात लावला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, द्या अठरा, आणि एका सुताराला तरी खरं बोलताना पाहिलं म्हणून तारांचा नवा जुडगा माझ्याकडून घेऊन जा!

* * *

नंतरचा महिना चाळीने काय सोसलं ते चाळीलाच ठाऊक. रोज सकाळ-संध्याकाळ एकेका बोटाचा एक, असे तेच चार सूर. पहिले दोन बरे, तिसरा दबका, चौथा मेलेला. माझी बायको तर त्यावरून भात कधी उतरवायचा याचा अंदाज घ्यायला लागली. सुरुवातीला कुरकुरायची. एक दिवस मी ड्यूटीवरून आलो तर दारातच म्हणाली, "अहो, आज चौथा बोलला." तिचे डोळे भरले होते. शेजारच्या तीन बिऱ्हाडांतही तेव्हा हीच चर्चा चालली होती.

* * *

तपासणीच्या दिवशी फ्रान्सिस सकाळच्या गाडीने मुंबईला गेले. तार करतो म्हणाले होते. तार आली नाही. संध्याकाळी पुण्याकडे जाणारी पॅसेंजर आली तेव्हा आम्ही तिघं प्लॅटफॉर्मवर उभे. ते शेवटच्या डब्यातून उतरले. साध्या कपड्यांत, हातात छत्री, चेहरा नेहमीसारखा कोरा. विचारायचा धीर कुणालाच होईना. उस्मानभाई उगाच आपल्या चपलेकडे बघत होता.

गाडी सुटायची वेळ झाली. त्या गाडीचे गार्ड ब्रेकव्हॅनच्या पायरीवर उभे होते. त्यांनी शिट्टी वाजवली, हिरवा झेंडा काढला, आणि स्वतः न दाखवता वाकून फ्रान्सिसच्या पुढे धरला. "घ्या, आता परत रोजचंच काम तुमचं."

फ्रान्सिसनी छत्री उजव्या हातात घेतली. डावा हात पुढे केला. झेंड्याच्या दांडीवर एकेक करून चारही बोटं मिटली, आणि त्यांनी झेंडा वर उचलून हलवला. पुढून ड्रायव्हरने पाहिलं, भोंगा दिला, गाडी हलली. पायरीवरच्या गार्डांनी चालत्या गाडीतून झेंडा परत घेतला.

मी मागे वळून पाहिलं तर स्टेशनमास्तर! ड्यूटीवर नसलेल्या माणसाने, साध्या कपड्यांत, गाडीला झेंडा दाखवलेला.

मास्तरांनी खिशातून घड्याळ काढलं, पाहिलं, परत ठेवलं.

"गाडी वेळेवर सुटली," ते म्हणाले. "झेंडा कुणी दाखवला, ते मला इथून दिसलं नाही."

हे बोलताना ते फ्रान्सिसपासून हातभर अंतरावर उभे होते.