अकरा घरांची वस्ती

ऐंशी साल नुकतंच लागलं होतं. मूळ गावात आमच्या लोकांना विहिरीवर चढायला मनाई होती. कुणी वरून ओतलं तरच घागर भरायची. सरकारने भूमिहीनांना पडीक जमीन दिली, तेव्हा माझे वडील, म्हणजे आबा, आमच्यासह अकरा कुटुंबं घेऊन गावातून निघाले. मी पाच वर्षांची होते. जमीन अमळनेरपासून बरीच आत, मुरमाड टेकडीच्या उतारावर होती.

आबांनी घरांआधी विहीर खणायला घेतली. तो उन्हाळा सगळ्यांनी पालांत काढला. पाणी लागलं त्या दिवशी आईने स्वतः दोर सोडला. घागर वर आली आणि तिला रडूच फुटलं. मग डोळे पुसत, लाजून म्हणाली, "डोयामा माती गई."

पुढे घरं झाली, कुडाच्या खोलीत शाळा आली. वस्तीतून पहिली मॅट्रिक मी झाले. आबांनी घरोघरी गूळ वाटला होता.

मग पाऊस हात आखडत गेला. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला. पहिलं कुटुंब सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेलं, "दिवाळीले येसूत" म्हणत. एका दिवाळीला आलेही. त्यानंतर आले ते छपराचे पत्रे काढून न्यायला. मागोमाग एकेक घर गेलं. तीनच मुलं उरली तेव्हा शाळा बंद झाली, तरी आबा शाळेचं अंगण झाडत राहिले.

लग्न होऊन मी धुळ्याला गेले. प्रत्येक खेपेला विनवायचे, "आबा, चला ना आमच्याकडे."

"आठे आपलाले कोन्ही दूर सरक म्हनत नही," ते म्हणायचे. "तठे मी कोन?"

एका हिवाळ्यात आई आजारी पडली म्हणून मी वस्तीवर होते. दुपारी ती गेली. तोवर समोरच्या एका म्हाताऱ्या काकूंशिवाय तिथे कुणी राहिलं नव्हतं. आबा खांद्याला माणसं बोलवायला पायी जुन्या गावात गेले, आमच्या जुन्या गल्लीत. बाकीचे ऊसतोडीला गेलेले, दोघंच आले. त्यातला एक आबांचा चुलतभाऊ. आबा गाव सोडून निघाले तेव्हा त्याने त्यांना वेड्यात काढलं होतं, त्यानंतर दोघं बोलत नव्हते. तो आईजवळ बसला, आबांकडे न बघता म्हणाला, "भाऊ, चौथा कोन शे?"

 मी पदर खोचून पुढे झाले. बाईने खांदा देऊ नये, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायला होतं कोण? आबांची उंची माझ्यापेक्षा कमी, त्यामुळे तिरडी सारखी त्यांच्या बाजूला कलत होती. तो कल माझ्या खांद्याला अजून जाणवतो.

काकू जुन्या गावात भाच्याकडे गेल्या आणि आबा माझ्यासोबत यायला तयार झाले. निघताना त्यांनी अकराही घरांची दारं ओढून घेतली. काहींना छप्परच नव्हतं. मी म्हटलं, "आबा, एस. टी. चुकेल." ते म्हणाले, "थांब जरा, कुत्रं शिरी मधमा."

धुळ्यात ते वर्षभर जगले. कुणाला कसला त्रास नाही, काही मागणं नाही. मृत्यूची नोंद करायला मी गेले, तेव्हा कारकुनाने कायमचा पत्ता विचारला. मी वस्तीचं नाव सांगितलं. त्याने अमळनेर तालुक्यातल्या गावांची यादी दोनदा पाहिली आणि हळूच म्हणाला, "ताई, असं गावच नाही इथे. काय लिहू?"

मागे रांग उभी होती. मी माझ्या घराचा पत्ता सांगितला.