खपली पडेपर्यंत

माझ्या तोंडावर लहानपणीच्या देवींचे वण आहेत. त्यापायी दोन स्थळं मोडली. तिसरं, नाते गावाजवळच्या वाडीतलं, जमलं. म्हणून खालच्या गावात देवी आल्याचं कळलं तेव्हा मला स्वतःची भीती नव्हती. एकदा येऊन गेलेल्या देवी परत येत नाहीत. भीती होती ती मांडीवरच्या सात महिन्यांच्या लेकाची.

महाडहून देवी टोचणारा डॉक्टर आला. बाळाचं अंग इसबानं भरलेलं पाहून त्यानं पेटी मिटली. "याला टोचलं तर जिवावर बेतेल," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांनी टोचून घ्या. तुम्हालाच झाल्या नाहीत, तर याच्यापर्यंत आणणार कोण?"

वाडीनं नेमका उलटा अर्थ काढला. "हिच्या पोराला सोडला, मंग आमच्याच पोरांना कशाला?" पटापट दारं लागली. मी रडत बसले. त्यात मी पहिल्यापासून हुशार.

सासूबाई मात्र उठल्या. जन्मात सुई न टोचून घेतलेली ती बाई सगळ्यांदेखत अंगणात दंड उघडा करून बसली. डॉक्टरनं सुई फिरवली तशी तिनं त्याला सणसणीत शिवी हासडली आणि मग दारोदार हिंडली. "माझा नातू उघडा हाय गो. तुमी आडोसा नाय केलात तर तो जाईल कुठं?" तिला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. संध्याकाळी अख्खी वाडी आपापल्या दंडावर फुंकर घालत बसली होती.

पण डॉक्टरनं आणखी एक बजावलं होतं: टोचलेल्या माणसानं दंडावरच्या फोडाची खपली पडेपर्यंत बाळाला शिवायचं नाही; त्या फोडातली लस इसबाला लागली तरी तेच व्हायचं. देवी आलेल्या घरात कुणी पाऊल टाकत नाही, हा रिवाज आम्हाला पाठ. या खेपेला तो उलटा पाळला. टोचलेले सगळे बाहेर; देवी येऊन गेल्यामुळे टोचायची गरजच नसलेली मी आणि बाळ आत. बायका पाण्याचा हंडा उंबऱ्याशी ठेवून मागे सरायच्या. सासूबाई शेजारच्या पडवीत राहायला गेल्या. रोज सकाळी अंगणापलीकडून विचारायच्या, "दूध प्यायला काय गो?" मी बाळाला उंच धरून दाखवायची आणि त्या लांबूनच कानशिलावर बोटं मोडायच्या. एरवी मी त्यांना वचकून असायची, पण त्या दिवसांत मला त्यांची फार माया आली.

तीन आठवड्यांनी त्यांची खपली पडली. आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून त्या आत आल्या आणि हात पसरले. बाळानं ओळखलंच नाही. तोंड फिरवून असा टाहो फोडला की मी कानकोंडी झाले.

"रडू दे गो," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे घळाघळा वाहत होते. "रडतोय, म्हंजे हाय."