डुकरांसाठी लावलेलं जपानी गाणं

मित्रांनो, सकाळपासून डोकं सुन्न आहे, म्हणून लिहून राह्यलो.

तामसीकडं आमचं शेत आहे. ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरं शिरतात, म्हणून इकडं सगळेच मचाणावर स्पीकर लावतात. कोणी कुत्र्यांचं भुंकणं लावतं, कोणी वाघाची डरकाळी. थोड्या दिवसांत डुकरं तेही ओळखतात.

माझी पुतणी मोबाईलवर भीतीदायक जपानी गाणी ऐकते. त्यातलं एक तिनं मला भरून दिलं. वेड लागलेल्या बाईचं गाणं आहे म्हणे. बाई गाता गाता हसते, मग किंचाळते, मग लहान पोरीसारखी रडते. शब्द एक कळत नाही, पण अंगावर काटा येतो. रात्री स्पीकरवर तेच लावलं, डुकरं फिरकली नाहीत. मी खूश.

आज सकाळी स्पीकर बंद करायला गेलो, तर मचाणाखाली शेजारच्या शेतातल्या कौसल्यामावशी बसलेल्या. त्यांची लेक सुनीता डोक्यावर परिणाम होऊन मागच्या वर्षी गेली. ती असंच हसायची, असंच रडायची. साऱ्या गावाला ऐकू जायचं. माझ्या मात्र हे ध्यानातच आलं नव्हतं.

म्हटलं, "मावशी, चुकलं माहं. आत्ता बंद करतो."

त्यांनी माझा हात धरला. "राहू दे बापू. लय दिवसानं तिचा आवाज आयकून राह्यली मी."

आता दिवस बुडत आलाय. डुकरं येतील. मावशीही येतील.

तुमीच सांगा, गाणं लावू का नको?